घशात टॉन्सिलच नाहीत

मुंबईत लहान मुलाला खोकला झाला तर त्यात कुणालाच नवल वाटत नाही. नुकतंच बालवाडीत जाऊ लागलेलं मूल वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी-तापाने आजारी पडतं आणि तरीही धडधाकट असतं. पण म्हणूनच ‘याची प्रतिकारशक्ती कमी आहे’ हे वाक्य इथे इतक्या सहज बोललं जातं, की ज्या मोजक्या मुलांच्या बाबतीत ते शब्दशः खरं असतं तीही त्याच गर्दीत हरवतात. आधी टॉनिक आणि च्यवनप्राश, मग ‘बाळदमा’, मग ‘प्रायमरी आहे’ म्हणून सहा महिने टीबीच्या गोळ्या. तोवर मुलाला तिसऱ्यांदा न्यूमोनिया झालेला असतो, कान वाहत असतात आणि वजनाचा काटा हलत नसतो.

अशा काही मुलांच्या रक्तात अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, जन्मजातच तयार होत नाहीत. या दोषाचे बरेच प्रकार आहेत. काहींमध्ये फक्त आयजीए, म्हणजे श्वासनलिका-आतड्यांच्या अस्तरावर पहारा देणारं प्रतिपिंड, कमी असतं आणि माणसाला आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. काही बाळांत प्रतिपिंडं उशिरा तयार होतात आणि दोन-चार वर्षांत सगळं आपोआप सुरळीत होतं. सर्वांत स्वच्छ समजलेला आणि वेळेत न ओळखल्यास घातक ठरणारा प्रकार म्हणजे एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया. यात अस्थिमज्जेतल्या बी-पेशी अर्ध्या वाटेवर अडकतात, पक्व होऊन रक्तात येतच नाहीत. प्रतिपिंडं बनवणं हे त्यांचंच काम, त्यामुळे पुढचं सगळं ठप्प.

गंमत अशी की ही बाळं जन्मतः अगदी ठणठणीत असतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईची आयजीजी, म्हणजे रक्तातली मुख्य प्रतिपिंडं, वारेतून बाळाकडे जातात. ही आईने बांधून दिलेली शिदोरी. ती दर तीन-चार आठवड्यांनी निम्मी होत जाते आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत जवळजवळ संपते. इतर बाळांचा स्वतःचा स्वयंपाक तोवर सुरू झालेला असतो, या बाळांची चूल पेटतच नाही. म्हणून आजारपणं बहुतेकदा सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास सुरू होतात, आणि खापर दात येण्यावर, नाहीतर दृष्ट लागण्यावर फुटतं.

हा आजार पहिल्यांदा ओळखला तो अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड रुग्णालयातल्या ऑग्डेन ब्रुटन या बालरोगतज्ज्ञाने. त्यांच्याकडच्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात न्यूमोकोकस जंतूंचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत होता. लस टोचली तरी प्रतिपिंडं तयार होईनात. त्याच्या सीरममधली, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्तद्रवातली, प्रथिनं वीजप्रवाहाने (इलेक्ट्रोफोरेसिसने) वेगवेगळी करून पाहिली, तर गॅमा ग्लोब्युलिनचा, म्हणजे ज्यात प्रतिपिंडं असतात त्या प्रथिनांचा, पट्टाच गायब. ब्रुटन यांनी मग दुसऱ्यांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन त्याला इंजेक्शनने द्यायला सुरुवात केली आणि आजारपणं थांबली. हे 1952 मध्ये प्रसिद्ध झालं.

त्याच वर्षी परळला डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉम्बे रक्तगटाचा शोध प्रसिद्ध केला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण रक्तपेढीतल्या टेबलावर मात्र आहे. रक्तगट दोन बाजूंनी तपासतात: तांबड्या पेशींवर काय आहे ते एकदा, आणि सीरममध्ये कोणती प्रतिपिंडं आहेत ते एकदा. बॉम्बे गटाच्या माणसाच्या पेशी ‘ओ’सारख्या दिसतात, पण त्याचं सीरम ‘ओ’च्या पेशींचीही गुठळी करतं, म्हणजे एक प्रतिपिंड जास्त निघतं. अगॅमाग्लोब्युलिनेमियाच्या मुलात नेमकं उलटं. समजा पेशी ‘ओ’ म्हणतात, तर सीरममध्ये ‘ए’ व ‘बी’विरुद्धची जी प्रतिपिंडं वर्षा-दीड वर्षाच्या मुलात हमखास असायला हवीत ती सापडतच नाहीत. रक्तगटाच्या दोन बाजू जुळत नाहीत म्हणून तंत्रज्ञ कपाळाला आठ्या घालतो, तेव्हा त्याच्या हातात मोठा दुवा आलेला असतो.

असे दुवे बरेच आहेत आणि बहुतेक स्वस्त आहेत, म्हणूनच हळहळ वाटते. प्लॅस्टिकच्या फाइलीत यकृताच्या तपासणीचा एखादा जुना रिपोर्ट असतोच. त्यात एकूण प्रथिनं, अल्ब्युमिन आणि त्यांच्या वजाबाकीतून आलेलं ग्लोब्युलिन अशा तीन ओळी असतात. बिलिरुबिन ठीक आहे एवढं पाहून पान उलटलं जातं. ग्लोब्युलिनचा आकडा वयाच्या मानाने फार खाली असेल, तर आयजीजी, आयजीए आणि आयजीएम हे प्रतिपिंडांचे तीन प्रकार मोजायला सांगण्यासाठी आणखी कारण लागू नये. त्याहून सोपी तपासणी टॉर्चची. मुलाला ‘आ’ करायला सांगायचं. इतक्या वेळा घसा आणि कान बिघडणाऱ्या मुलाचे टॉन्सिल सुजलेले दिसायला हवेत, पण इथे ते जवळजवळ नसतातच, कारण टॉन्सिलचा मोठा भाग बी-पेशींचाच असतो.

पावसाळ्यात आणखी एक घोळ होतो. डेंग्यूचं आयजीएम, टायफॉइडची विडाल अशा तपासण्या जंतू शोधत नाहीत, शरीराने जंतूंविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधतात. जे मूल प्रतिपिंडं बनवतच नाही त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह येणारच. तिथे जंतू थेट शोधणारी तपासणी हवी: पीसीआर, अँटिजेन किंवा कल्चर.

एक प्रश्न मात्र फुकट विचारता येतो. “ताई, तुमच्या माहेरी कुणी मुलगा लहानपणी गेला होता का?” उत्तर अनेकदा आईकडून येत नाही, सोबत आलेल्या आजीकडून येतं: “हिच्या पाठचा एक गेला. दीड वर्षाचा होता. छातीत कफ झाला होता.” या आजाराचं जनुक, बीटीके, एक्स गुणसूत्रावर आहे. 1993 मध्ये ते सापडलं. मुलग्याला एक्स फक्त आईकडून मिळतं, त्यामुळे आजार दिसतो तो भावांमध्ये, मामामध्ये, मावशीच्या मुलात. वाहक, म्हणजे एका एक्सवर दोषी जनुक असलेल्या, आईच्या प्रत्येक मुलग्याला तो होण्याची शक्यता निम्मी. ती स्वतः ठणठणीत असते, कारण तिच्या ज्या बी-पेशी चांगलं एक्स वापरतात त्या पक्व होतात आणि तेवढ्या पुरतात. काही घरांत आधी कुणालाच काही नसतं, जनुकात बदल नव्यानेच झालेला असतो. सुनेच्या माहेराला बोल लावणाऱ्यांना हे सांगून ठेवलेलं बरं. मामाच्या मुलीशी लग्न केल्याने हा आजार होत नाही. मात्र प्रतिपिंडांच्या कमतरतेचे काही इतर प्रकार दोन्हीकडून दोषी जनुक आल्यावरच होतात, त्यांना नात्यातली लग्नं हातभार लावतात आणि ते मुलींनाही होतात.

उपचार आजही ब्रुटन यांच्याच वाटेने चालतो, फक्त आता आयजीजी शिरेतून देता येतं. दर तीन-चार आठवड्यांनी, किलोला साधारण 400 ते 600 मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला एका खेपेला 8 ते 12 ग्रॅम, आणि हे जन्मभर. सलाइनसारखी ती बाटली काही तास चालते. एकेका बॅचमागे हजारो दात्यांचा प्लाझ्मा असतो. गणेशोत्सवातल्या शिबिरांत गोळा झालेल्या रक्तातला उरलेला प्लाझ्माही अशी औषधं काढणाऱ्या कारखान्यांकडे जाऊ शकतो. खर्च मोठा आहे. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात हा उपचार नोंदलेला आहे आणि त्याखालच्या केंद्रांत परळच्या केईएम रुग्णालयाचं नाव आहे, तेव्हा पालकांनी तिथे चौकशी जरूर करावी. एक अडचण उरते: बाटलीतून जवळजवळ फक्त आयजीजी मिळतं, आयजीए नाही, आणि वारंवारच्या न्यूमोनियाने एकदा रुंदावलेल्या श्वासनलिका पूर्ववत होत नाहीत.

तोंडावाटे दिले जाणारे पोलिओचे थेंब या मुलांना द्यायचे नाहीत. त्यात जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो. तो या मुलांच्या आतड्यात महिनोन्‌महिने राहून पुन्हा घातक होऊ शकतो. परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारातल्या विषाणू प्रयोगशाळेने अशा मुलांची शौचाची तपासणी केली आहे ती याचसाठी. पोलिओचं इंजेक्शन चालतं, त्यात विषाणू मेलेला असतो.

घरात एकाचं निदान झालं की पुढच्या भावाची वाट वेगळी होते. जन्मल्या जन्मल्या आयजीजी मोजून उपयोग नाही, ते आईचंच असतं. त्याऐवजी थोड्याशा रक्तातल्या बी-पेशी फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशी एकेक करून ओळखणाऱ्या यंत्राने, मोजतात. केईएमच्याच आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत ही तपासणी होते. बी-पेशी एकूण लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींच्या दोन टक्क्यांच्याही खाली निघाल्या तर बीटीकेची तपासणी करायची, पोलिओचे थेंब टाळायचे आणि आईची प्रतिपिंडं संपायच्या आत पहिली बाटली लावायची.