दमसास हवा तर हळू पळा

पहाटे साडेपाचला सोलापूरच्या होम मैदानावर भरतीची पोरं पळत असतात. पोलीस भरतीत १६०० मीटर आहे म्हणून रोज १६०० मीटरच, तेही जीव तोडून. संपलं की गुडघ्यांवर हात टेकून ओकाऱ्या. मीही वर्षभर असंच पळलो. पोटऱ्या दुखायला लागल्या, वेळ मात्र होती तिथंच राहिली.

गफलत अशी की १६०० मीटर हा आपल्याला वेगाचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात पाच-सहा मिनिटांच्या या दौडीत तीन चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा ऑक्सिजन वापरूनच तयार होते. ऑक्सिजनविना ग्लुकोजच्या एका रेणूतून पेशीला एटीपीचे (पेशीचं ऊर्जेचं चलन) जेमतेम २ रेणू सुटतात, ऑक्सिजन मिळाला तर तिसेक. म्हणजे मिनिटाला किती ऑक्सिजन स्नायूंपर्यंत पोचतो आणि तिथं वापरला जातो, यावर सगळं आलं. आपल्याकडं याला दमसास म्हणतात. आर्किबाल्ड हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञानं पाठीवर हवेची पिशवी बांधून, स्वतः पळून तो मोजला. १९२३ साली त्यानं आणि त्याचा सहकारी लप्टननं दाखवलं की एका मर्यादेपुढं वेग वाढवला तरी ऑक्सिजनचा वापर वाढत नाही. ही मर्यादा म्हणजे व्हीओटू मॅक्स.

धाप लागली की आपण फुप्फुसांना दोष देतो. निरोगी माणसात बहुतेक वेळा अडतं ते हृदयापाशी. बसल्या जागी ते मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलतं, जोरात पळताना वीसेक, अव्वल धावपटूंचं पस्तीसच्या पुढं. सरावानं ठोक्यांची कमाल संख्या वाढत नाही. वाढतं ते एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो. स्नायूंमधल्या केशवाहिन्या आणि मायटोकाँड्रिया (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले कारखाने) वाढायला मात्र आठवडे, महिने लागतात. जॉन होलोझी या शास्त्रज्ञांनी उंदरांना ट्रेडमिलवर पळवलं, तेव्हा त्यांच्या स्नायूंत मायटोकाँड्रियातल्या एन्झाइमांची क्षमता जवळपास दुप्पट झालेली दिसली. ते साल १९६७.

हे बदल घडायला भरपूर वेळ पळावं लागतं, आणि भरपूर वेळ पळायचं तर हळूच पळावं लागतं. हळू म्हणजे किती? शेजारच्याला ‘काय बे, काल दिसला नाहीस, कुठं होतास?’ एवढं न अडखळता विचारता आलं पाहिजे. दोन शब्दांत धाप लागली तर वेग जास्त आहे. चालायला आलेल्या मावश्या पुढं जातील, जाऊ द्यात. आठवड्यात चार दिवस असं पळा आणि एक दिवस जोरात: चार मिनिटं जोर, तीन मिनिटं सावकाश, असं चार वेळा.

सोलापूरचा उन्हाळा वेगळा हिशेब मागतो. उन्हात हृदयाला स्नायूंबरोबर कातडीलाही रक्त पुरवावं लागतं, शिवाय घामानं रक्त कमी होतं. त्याच वेगाला ठोके वाढतात. तुमचा दम कमी झालाय असं नाही, फक्त वेग उतरवायचा. दहा-चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो आणि अंग सरावतं.

प्रगती बघायला केनेथ कूपर यांची १९६८ची चाचणी पुरते: १२ मिनिटांत जमेल तेवढं पळा, मीटरमधून ५०५ वजा करा, ४५नं भागा. २४०० मीटर झाले तर उत्तर ४२ येतं, म्हणजे वजनाच्या किलोमागं मिनिटाला साधारण ४२ मिलिलिटर ऑक्सिजन. दोन महिन्यांनी पुन्हा बघा. जानेवारीचा आकडा मात्र मेच्या आकड्याशी ताडू नका. आणि जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे असतात, तेव्हा कंबर तलावाकडं पळा.