बोटीतला एसी थंड करत नसेल, तर आधी पाणी बघा

‘गॅस संपला असेल, भरून घ्या.’ एसी नीट थंड करेनासा झाला की पहिला सल्ला हाच मिळतो. सल्ला देणारा माणूस भला असतो, पण या एका वाक्यामुळे लोकांचे पैसे आणि यंत्रं दोन्ही वाया जाताना मी पाहिली आहेत. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो, मग एका अरुंद वाटेतून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि केबिनमधल्या हवेची उष्णता शोषून तो पुन्हा वायू होतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

बोटीवर तर हा संशय बहुतेक वेळा चुकीच्या जागी घेतला जातो. घरातल्या एसीचा कंडेन्सर बाहेरच्या हवेत असतो आणि पंखा त्याच्यावर वारा मारतो. बोटीत तेवढी मोकळी जागा कुठून आणायची? म्हणून तिथे उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडतात. कल्पना उत्तम आहे, कारण एक घनमीटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत साधारण साडेतीन हजार घनमीटर हवा एका अंशाने तापेल. त्यामुळे उशीखाली मावेल एवढ्या गुंडाळलेल्या नळीत सगळं काम होतं. आतल्या एका नळीच्या भोवती दुसरी नळी असते. एकीतून गॅस जातो, दुसरीतून उलट दिशेने समुद्राचं पाणी.

आणि समुद्राचं पाणी म्हटलं की त्यात वाळू आली, शेवाळ आलं, प्लॅस्टिकची पिशवी आली, क्षार आले, बार्नकल आले. (हे बार्नकल दिसायला शिंपल्यासारखे, पण नात्याने खेकड्या-कोळंबीच्या कुळातले. चार्ल्स डार्विनने आयुष्यातली आठ वर्षं त्यांच्या अभ्यासाला दिली होती.) बोटीच्या तळाला असलेल्या पाणी घेण्याच्या भोकात त्यांनी बस्तान बसवलं की आतल्या यंत्राचं पाणी तिथूनच बंद.

म्हणून तक्रार आली की पहिली तपासणी बोटीच्या बाहेर करायची. बाजूच्या भोकातून एसीचं पाणी समुद्रात पडत असतं, तिथे बघायचं. पाणी सलग, जोरात पडतंय की थेंब-थेंब गळतंय? साडेतीन किलोवॅटच्या, म्हणजे बोलीभाषेत एक टनाच्या, एसीला मिनिटाला साधारण ११ लिटर पाणी लागतं. १० लिटरची बादली मिनिटाच्या आत भरली पाहिजे. त्यानंतर थर्मामीटर घ्यायचा: एकदा समुद्राच्या पाण्यात, एकदा बाहेर पडणाऱ्या धारेत. पाणी आत जाताना आणि बाहेर येताना तापमानात ३ ते ६ अंशांचा फरक असेल तर पाण्याची बाजू ठीक. फरक १०–१२ अंश असेल तर पाणी कमी पडतंय. फरक जेमतेम एखादा अंश असेल तर पाण्यापर्यंत उष्णता पोचतच नाहीये. गॅसची गळती, थकलेला कॉम्प्रेसर किंवा तुंबलेला हवेचा फिल्टर यांची पाळी तेव्हा येते, त्याआधी नाही.

पाणी अजिबात येत नसेल आणि पंपाचा आवाज मात्र येत असेल, तर पंप जळाला असं लगेच समजू नका. हा पंप पाण्याला गरगर फिरवून बाहेर भिरकावतो, आणि त्याने तयार होणारा दाब त्यात काय भरलंय याच्या घनतेवर ठरतो. हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी. पंपात हवा अडकली की दाबही तितक्याच पटीने कमी, मग पाणी ओढलं जाणार कसं? म्हणूनच तो पाण्याच्या रेषेखाली बसवतात आणि त्याची नळी कुठेही उंचवटा न येता सलग वर चढत नेतात. बोट खवळलेल्या समुद्रातून आली असेल, किंवा तळ घासायला वर काढून पुन्हा पाण्यात सोडली असेल, तर हवा अडकण्याची शक्यता फार. पंपाच्या बाहेरच्या बाजूची नळी जरा सैल केली की फुसकन हवा निघते, मागोमाग पाणी येतं, नळी आवळायची. जाळीची गाळणी साफ करणंही याच वेळचं काम.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. गाळणी स्वच्छ, पंप ठणठणीत, तरी काही वर्षांनी धार बारीक होते आणि एसी दुपारी धापा टाकतो. कंडेन्सरच्या नळीत आतून पांढरा थर बसलेला असतो. तो बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडू, संगमरवर आणि शिंपला ज्याचे बनलेले असतात त्याच पदार्थाचा.

हा पदार्थ पाण्यात उलटा वागतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं. असं का? समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असतं आणि बायकार्बोनेट असतं. दोन बायकार्बोनेट एकत्र आले की त्यांच्यापासून एक कार्बोनेट, एक पाण्याचा रेणू आणि एक कार्बन डायऑक्साइडचा रेणू तयार होऊ शकतो. ही क्रिया दोन्ही दिशांनी चालते आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर असेल तोवर तोल बायकार्बोनेटच्या बाजूला राहतो. पाणी तापलं की तोल सरकतो. तापलेलं पाणी वायूला धरून ठेवत नाही, आणि तापमानाबरोबर रसायनाचा कलही कार्बोनेटकडे झुकतो. कार्बोनेट वाढलं की ते समोरच्या कॅल्शियमला पकडतं आणि दोघं मिळून घन होऊन भिंतीला चिकटतात. समुद्राच्या पृष्ठभागाजवळच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट मुळातच मर्यादेपेक्षा जास्त विरघळलेलं असतं, त्याला बसायला फक्त निमित्त हवं असतं. गुहेत टपकणाऱ्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड निसटला की लवणस्तंभ वाढतो. तीच क्रिया इथे, फक्त वर्षांचा हिशेब हजारोंऐवजी दोन-चारचा.

तो कुठे बसतो हेही सुंदर आहे. कॉम्प्रेसरमधून निघालेला तप्त गॅस ज्या टोकाने नळीत शिरतो, त्याच टोकाने पाणी तापून बाहेर पडत असतं. भिंत तिथे सगळ्यात गरम, पाणीही तिथेच सगळ्यात गरम. म्हणून थर आधी तिथेच धरतो. थर बसला की उष्णता अडते, गॅस आणखी गरम राहतो, वाट अरुंद झाल्याने पाणी कमी येतं आणि जास्त तापतं, त्यामुळे थर आणखी वेगाने वाढतो. यंत्र स्वतःच स्वतःचा गळा आवळत जातं.

अर्धा मिलिमीटर थराने एवढा काय फरक पडणार, असं वाटेल. या नळ्या तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूच्या असतात. ९० टक्के तांबं असलेल्या मिश्रधातूच्या तुलनेत हा खडू उष्णता वीस-पंचवीस पट कमी वाहतो. म्हणजे अर्धा मिलिमीटर क्षार बसला तर उष्णतेला नळीची भिंत सेंटिमीटरभर जाड झाल्यासारखी वाटते. जिवाणूंचा बुळबुळीत थर तर क्षारापेक्षाही वाईट. तो जवळजवळ सगळा साचलेल्या पाण्याचा असतो आणि साचलेलं पाणी उष्णता फार हळू पुढे देतं.

याचा भार कॉम्प्रेसरवर येतो. एसीत भरला जाणारा आर-४१०ए हा गॅस ४० अंशांना द्रव होत असेल तर तिथला दाब वातावरणाच्या सुमारे २४ पट असतो. उष्णता सोडता न आल्यामुळे तो ५० अंशांवर गेला की दाब ३० पटींच्या वर जातो. वीज जास्त, थंडावा कमी, आणि शेवटी दाबाचा सुरक्षा-स्विच यंत्र बंद करतो. अशा वेळी वर आणखी गॅस भरला तर जादा द्रव कंडेन्सरमध्येच जागा अडवतो आणि दाब अजून चढतो.

नळीवर चुंबकाचे पट्टे बांधले की क्षार धरत नाही, अशीही विक्री जोरात चालते. चुंबकाने पाण्यातलं कॅल्शियम कुठेही जात नाही. थरावर उपाय सौम्य आम्लाचा आहे, आणि तो शाळेतल्या प्रयोगाइतका सरळ आहे: खडूवर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि खडू विरघळतो.

हवेच्या बाजूचं एकच सांगतो. केबिनची दारं-खिडक्या उघड्या ठेवून एसी चालवू नये. बाहेरच्या दमट हवेतलं एक लिटर पाणी गोळा करायला साडेतीन किलोवॅटच्या यंत्राची जवळजवळ १२ मिनिटांची सगळी ताकद जाते, आणि तेवढ्यात केबिन एका अंशानेही थंड होत नाही.

एका मित्राच्या बोटीवर हे सगळं जवळून पाहायला मिळालं. मेकॅनिकने एका मोसमात दोनदा गॅस भरला होता, तरी दुपारी एसी दर दहा मिनिटांनी बंद पडायचा. बादली भरायला दोन मिनिटं लागली आणि तापमानाचा फरक आला १२ अंश. तळाच्या भोकाची झडप बंद केली, कंडेन्सरच्या दोन्ही नळ्या सोडवल्या, आणि एका लहान पंपाने बादलीतलं सायट्रिक आम्लाचं पाणी त्यातून फिरवत ठेवलं. हातमोजे, चष्मा, आणि केबिन उघडी. काही क्षणांतच परतीच्या नळीतून फेस यायला लागला. वर्षांपूर्वी अडकलेला कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी बाहेर पडत होता. पाणी आधी दुधी झालं, मग हिरवट-तपकिरी, आणि शेवाळाच्या पातळ साली तरंगू लागल्या. तासाभराने बुडबुडे थांबले, म्हणजे खाण्यासारखा खडू उरला नव्हता. गोड्या पाण्याने धुऊन नळ्या जोडल्या. बादली ५५ सेकंदांत भरली, फरक ५ अंशांवर आला. दाब मात्र अजूनही जरा जास्तच होता. तो उतरवायला दोनदा भरलेला जादा गॅस दुसऱ्या दिवशी टाकीत काढून घ्यावा लागला.