छत्रपती संभाजीनगर महापालिका : महापौर निवडीची पार्श्वभूमी

तेव्हाच्या औरंगाबाद नगरपालिकेचे रूपांतर ८ डिसेंबर १९८२ रोजी महानगरपालिकेत झाले आणि मराठवाड्याला पहिली महापालिका मिळाली. मात्र पहिला महापौर मिळायला १९८८ साल उजाडावे लागले. मधली साडेपाच वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे या महापालिकेची सुरुवातच निवडणुकीविना झाली. पुढे २०२० नंतर पुन्हा तशीच, किंबहुना थोडी अधिकच लांबलेली प्रशासकीय राजवट शहराने पाहिली.

पहिल्या निवडणुकीत साठ जागा होत्या. शिवसेनेची शहरातली पहिली शाखा १९८५ मध्ये सुरू झालेली, आणि अवघ्या तीन वर्षांत तिचे सत्तावीस नगरसेवक निवडून आले. मुंबई-ठाण्याबाहेर पक्षाला मिळालेले हे मोठे यश होते. ८ मे १९८८ रोजी मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर झालेल्या सभेत बाळासाहेब ठाकरे यांनी शहराला ‘संभाजीनगर’ म्हटले. महापालिकेच्या राजकारणाला नामांतराचा मुद्दा चिकटला तो या सभेपासून, आणि पुढची पस्तीस वर्षे तो प्रत्येक निवडणुकीच्या प्रचारात राहिला.

परंतु सर्वांत मोठा पक्ष होणे आणि महापौरपद मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडाही त्याच महिन्यात मिळाला. बहुमताला एकतीस मते लागत होती आणि शिवसेनेकडे चार कमी होती. शिवसेनेबाहेरचे सदस्य एकत्र आले आणि काँग्रेसचे डॉ. शांताराम काळे शहराचे पहिले महापौर झाले. त्या मे महिन्यात शहरात दंगल उसळली. तिची कारणे एका निवडीपुरती सांगणे अपुरे ठरेल, पण सभागृहातील मतदानाचा निकाल रस्त्यावर इतका तापावा, असे शहरात पूर्वी घडले नव्हते.

येथे कायद्याची बाजू लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण पुढची सगळी चुरस तिच्यातूनच आली आहे. नगरपालिकांमध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याचे प्रयोग राज्याने २००१ आणि २०१६ मध्ये केले; महापौर मात्र नगरसेवकांनीच निवडायचा, ही पद्धत कायम राहिली. सुरुवातीला महापौराची मुदत केवळ एक वर्षाची होती. त्यामुळे दर वर्षी नवी जुळवाजुळव, नवी नाराजी आणि अपक्षांची नव्याने मनधरणी ठरलेलीच असे. डॉ. काळे यांच्यानंतर वर्षभरातच शिवसेनेचे मोरेश्वर सावे महापौर झाले आणि १९८९ मध्ये ते लोकसभेवरही गेले. त्याच पहिल्या सभागृहातील नगरसेवक चंद्रकांत खैरे १९९० मध्ये आमदार झाले. विधानसभा-लोकसभेची वाट महापालिकेतून जाते, हे शहरातल्या कार्यकर्त्यांना तेव्हापासून पक्के ठाऊक झाले. नंतरच्या काळात महापौरपद भूषवलेले भागवत कराड पुढे केंद्रात राज्यमंत्री झाले आणि विजया रहाटकर राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्ष.

दुसरी सार्वत्रिक निवडणूक १९९५ मध्ये झाली. राज्यात नुकतेच शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले होते. त्या वर्षीच्या जून महिन्यात सर्वसाधारण सभेने नामांतराचा ठराव मंजूर केला, सरकारने अधिसूचनेचा मसुदा काढला, त्याला न्यायालयात आव्हान मिळाले आणि २००१ मध्ये नव्या सरकारने ती अधिसूचना मागे घेतली. नामांतराला केंद्राची मंजुरी मिळाली तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी २०२३ मध्ये, ठरावाचे समर्थन किंवा विरोध करायला महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता.

दरम्यान सभागृह वाढत गेले : २०१० मध्ये नव्व्याण्णव जागा, २०१५ मध्ये एकशे तेरा. महापौराची मुदत अडीच वर्षांची झाली, पदाचे आरक्षण मुंबईतल्या सोडतीने ठरू लागले आणि २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या. मुदत वाढली म्हणून स्थैर्य आले, असे मात्र झाले नाही. २०१५ मध्ये एमआयएम पहिल्यांदाच उतरली आणि पंचविसाच्या घरात पोहोचली. शिवसेना-भाजप युतीने सत्ता राखली, पण महापौरपद आपसांत वाटून घ्यावे लागले : आधी शिवसेनेचे त्र्यंबक तुपे, मग भाजपचे भगवान घडमोडे, मग पुन्हा शिवसेनेचे नंदकुमार घोडेले. एका पंचवार्षिकात तीन महापौर झाले. याच काळात शहराला जादा पाणी आणण्यासाठीच्या समांतर जलवाहिनीचा करार २०१६ मध्ये रद्द झाला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्यावर शहरभर कचऱ्याचे ढीग साचले. सभेत पाण्यावर चर्चा सुरू झाली की कुणीतरी महापौरांसमोरचा राजदंड पळवायचा, हे दृश्य इथल्या वार्ताहरांना नवे नव्हते. नळाला मात्र आठवड्यातून एखाद्या दिवशीच पाणी येत राहिले.

सभागृहातले गणित फिरते ते केवळ याच शहरात नव्हे. लातूर महापालिकेत २०१२ मध्ये भाजपचा एकही नगरसेवक नव्हता. २०१७ मध्ये सत्तरपैकी छत्तीस जागा जिंकून त्या पक्षाने सत्ता घेतली. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये भाजपच्याच काही नगरसेवकांच्या मदतीने काँग्रेसचे विक्रांत गोजमगुंडे महापौर झाले. पक्षाच्या नगरसेवकांची गट म्हणून नोंदणी, मतदानासाठीचा पक्षादेश आणि तो मोडणाऱ्याच्या अपात्रतेची तरतूद हे सगळे १९८०च्या दशकापासून कायद्यात आहे. तरीही महापौर निवडीपूर्वी नगरसेवकांना ‘सहली’वर नेण्याची आणि मतदानाच्या दिवशी बसमधून थेट सभागृहात उतरवण्याची रीत मराठवाड्यात आजही चालू आहे, यावरून त्या तरतुदींवर पक्षांचा स्वतःचाच किती विश्वास आहे ते कळते.

छत्रपती संभाजीनगरच्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन वाद आणि प्रभागरचनेतील बदल यांमुळे निवडणूक लांबत गेली. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ मधील आदेशानंतर प्रक्रिया हलली आणि १५ जानेवारी २०२६ ही मतदानाची तारीख ठरली. या निवडणुकीत एकशे पंधरा सदस्यांसाठी एकोणतीस प्रभाग होते : अठ्ठावीस प्रभाग चार सदस्यांचे, एक तीन सदस्यांचा. २०१५ मध्ये वॉर्डातल्या एकाच नगरसेवकासाठी एक बटण दाबून बाहेर पडलेल्या मतदाराला या वेळी बहुतेक ठिकाणी चार वेळा बटण दाबायचे होते.