अंबाल्याचं जग्वार वाचलं, पण इंजिनाचं दुखणं जुनंच

२७ जून २०१९ ला अंबाल्याहून हवाई दलाचं जग्वार हे लढाऊ विमान सरावासाठी उडालं आणि टेकऑफ होतोय न होतोय तोच पक्ष्यांचा थवा आडवा आला, एक इंजिन गेलं. पायलटने काही सेकंदांत पंखाखालच्या इंधनाच्या टाक्या आणि सरावाचे छोटे बॉम्ब सोडून दिले आणि उरलेल्या एका इंजिनावर विमान परत अंबाल्यालाच सुखरूप उतरवलं. व्हिडिओ बऱ्याच जणांनी बघितला असेल. सामान वस्तीजवळ पडलं पण कुणाचा जीव गेला नाही, आणि हे खरंच फार मोठं काम होतं.

आता कुणालाही वाटेल की दोन इंजिनं आहेत तर एक गेल्यावर एवढी घाई कशाला? तर जग्वारची एक टाकी १२०० लिटरची, भरलेली असली तर एका टाकीतच जवळपास टनभर इंधन, त्यात जूनमधली अंबाल्याची गरम हवा म्हणजे इंजिनाचा जोर अजूनच कमी, अशा वेळी वजन अंगावर ठेवून एका इंजिनावर वर चढायचं म्हणजे अवघडच.

आणि ही अडचण काही नवीन नाही. जग्वार ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून बनवलं, त्याचं अडूर इंजिन रोल्स रॉइस आणि टर्बोमेका यांचं. फ्रेंच नौदलासाठी याचंच एक मॉडेल होतं, १९७० मध्ये क्लेमांसो या विमानवाहू जहाजावर त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हाच कळलं की एक इंजिन बंद पडलं तर उतरताना विमान सांभाळणं कठीण जातं. त्यावर उपाय म्हणून आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागच्या भागात जादा इंधन जाळून जोर वाढवणारा भाग) कमी थ्रॉटललाही, म्हणजे इंजिन पूर्ण जोरात नसतानाही वापरता येईल अशी सोय केली, पण फ्रेंच नौदलाने शेवटी जग्वार सोडून सुपर एतांदार हे दुसरं विमान घेतलं.

आपण १९७८ मध्ये करार केला, १९७९ ला पहिली विमानं आली ती अंबाल्यालाच, पुढे एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बंगळुरात बनवली. समुद्रावर मारा करणारी जग्वारची तुकडी तर बरीच वर्षं पुण्यात लोहगावला होती. खाली उडून खोलवर मारा करायला विमान उत्तमच, त्याबद्दल वाद नाही, पण इंजिन कमी पडतं ही तक्रार कायम राहिली. आपल्याकडे अडूरचं थोडं ताकदवान मॉडेल आलं तरी उन्हाळ्यात भरलेलं विमान उचलताना ती उणीव जाणवायचीच. मग हनीवेलचं एफ-१२५ इंजिन बसवायचं ठरलं, वर्षानुवर्षं चर्चा चालली, आणि खर्च नि उशीर यामुळे २०१९ मध्येच तो बेत सोडून दिला, म्हणजे ज्या वर्षी अंबाल्यात हे घडलं त्याच वर्षी! जग्वारच्या डॅरिन नावाच्या अपग्रेडमध्ये रडार, कॉकपिट, इलेक्ट्रॉनिक्स नवं आलं, इंजिन मात्र अडूरच. फ्रान्सने २००५ ला, ब्रिटनने २००७ ला, ओमानने २०१४ ला जग्वार निवृत्त केलं, त्यानंतर ते उडवणारे आपण एकटेच उरलो.

तरीही दुसरं इंजिन होतं म्हणून तो पायलट परत आला हे विसरून चालणार नाही. नाशिकजवळ ओझरला बनलेल्या मिग-२१ ला एकच इंजिन, टेकऑफला ते गेलं की बहुतेक वेळा इजेक्ट करण्याशिवाय (सीटसकट बाहेर फेकलं जाऊन पॅराशूटने उतरण्याशिवाय) पर्यायच नसायचा, आणि तेही उंची पुरेशी असेल तर.

पक्ष्यांचा प्रश्न तर वेगळाच. २०२० ला राफेल अंबाल्याला आल्यावर हवाई दलाने हरयाणाच्या मुख्य सचिवांना पत्र लिहिलं की एअरबेसच्या आसपासचा कचरा हटवा, त्यावरच पक्षी येतात.