फणस, खोबरेल आणि चाकूचा अडसर

गेल्या मे महिन्यात कोकणातल्या घरी फणस फोडताना माझ्या हातातला घडीचा चाकू मिटला. कोयता शेजारी गेलेला होता आणि तो परत येईपर्यंत थांबण्याचा धीर नव्हता, म्हणून मी खिशातला चाकू काढला. चीक चिकटू नये यासाठी नेहमीप्रमाणे तळहातांना आणि पात्याला खोबरेल चोळून घेतले. पाते सालीतून आत जाऊन मधल्या दांड्यात रुतले. ते उपसण्यासाठी मूठ वर उचलून एक हिसडा दिला, तेव्हा मूठ आणि पाते एकमेकांवर मिटली आणि तर्जनीला दोन टाके पडले. दुसऱ्या दिवशी तोच चाकू पुसून उघडला, तर तो 'कट्' असा खणखणीत आवाज करून पूर्वीसारखाच पक्का बसला. काहीही तुटले नव्हते, वाकले नव्हते, झिजल्यासारखेही दिसत नव्हते.

ही गोष्ट मला जखमेपेक्षा जास्त छळत राहिली. उघडे पाते जागेवर धरून ठेवणाऱ्या कुलपाची चर्चा होते तेव्हा ते किती किलो भार पेलते, असा प्रश्न हमखास विचारला जातो आणि विक्रेतेही त्याचेच उत्तर मोठ्या अक्षरांत छापतात. माझ्या चाकूचे कुलूप भाराखाली मोडले असते तर तो प्रश्न योग्य ठरला असता. ते मोडले नाही, ते सुटले. न मोडण्याची क्षमता म्हणजे मजबुती आणि न सुटण्याची क्षमता म्हणजे भरवसा. या दोन्ही गोष्टी एकाच यंत्रणेत असल्या तरी त्यांचे भौतिकशास्त्र बरेच वेगळे आहे.

आधी एक साधी बाब. चाकूने कापताना दाब धारेवर येतो आणि तो पात्याला आणखी उघडण्याच्या दिशेने ढकलतो. तिथे मुठीतला एक टेकू, बहुधा पोलादी खिळा, पात्याच्या बुडाला अडवतो. घरातली घडीची विळी याच तत्त्वावर चालते. तिचे पाते पाटावर निजू शकते, पण चिरताना भाजीचा रेटा त्याला निजण्याच्या उलट दिशेने ढकलतो, म्हणून वेगळ्या कुलपाची गरज भासत नाही. स्विस लष्कराने १८९१ मध्ये आपल्या सैनिकांना घडीचा चाकू दिला, तोही असाच बिनकुलपाचा होता. त्याचे पाते केवळ पाठीच्या स्प्रिंगच्या दाबावर उघडे राहत असे. मुख्य पात्याला कुलूप असलेला सैनिकी चाकू तिथे २००८ साली आला, म्हणजे मधली ११७ वर्षे एका आख्ख्या सैन्याचे काम कुलपाशिवाय भागले. कुलपाची खरी परीक्षा होते ती पात्याच्या पाठीवर भार येतो तेव्हा, म्हणजे टोकाने भोक पाडताना, पाते घसरून कुठे आपटल्यास, किंवा माझ्यासारखे रुतलेले पाते हिसडून काढताना.

हा भार वाटतो त्यापेक्षा खूप मोठा असतो. पात्याच्या टोकाशी, पाते ज्याभोवती फिरते त्या खिळ्यापासून ८० मिलिमीटर अंतरावर, पाठीवर ५० न्यूटन म्हणजे साधारण ५ किलो वजनाइतके बल आले असे धरू. कुलूप पात्याच्या बुडाला जिथे अडवते ती जागा त्याच खिळ्यापासून जेमतेम ८ मिलिमीटरवर असते. तरफेच्या हिशोबाने तिथे दसपट, म्हणजे ५०० न्यूटन बल पडते. सिमेंटचे एक पोते ५० किलोचे असते. ते संपूर्ण पोते दीड मिलिमीटर जाड आणि तीन मिलिमीटर रुंद अशा, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून मोठ्या नसलेल्या, पृष्ठभागावर टेकवावे तसा हा प्रकार आहे. तरीही दर चौरस मिलिमीटरला येणारा ताण ११० न्यूटनच्या आसपासच राहतो आणि कडक केलेले पोलाद त्याच्या कित्येक पट ताण सहज सोसते. नीट बनवलेल्या चाकूत धातूची मजबुती सहसा कमी पडत नाही, ती याच कारणाने.

माझा चाकू 'लायनर लॉक' प्रकारचा होता. मुठीच्या आत, दोन्ही बाजूंच्या कवचांना लागून, धातूच्या पातळ पट्ट्या असतात. त्यांपैकी एक पट्टी उभी चिरून तिचा एक भाग आतल्या बाजूला वाकवलेला असतो. पाते पूर्ण उघडले की हा भाग स्वतःच्या ताणाने सरकून पात्याच्या बुडामागे उभा राहतो. या कल्पनेची जुनी रूपे विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहेत, पण आज दिसणारी रचना मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिराने १९८० च्या दशकात रूढ केली. पट्टी पातळ न ठेवता मुठीची आख्खी एक बाजूच कुलूप म्हणून वापरली की तिला 'फ्रेम लॉक' म्हणतात. ती ख्रिस रीव्ह यांच्या चाकूंमुळे लोकप्रिय झाली.

पट्टी ज्या पृष्ठभागाला टेकते तो काटकोनात नसतो. तो मुद्दाम थोडा तिरका घासलेला असतो, त्यामुळे पट्टी तिथे पाचरीसारखी घुसते. हा तिरकेपणा नसता तर कारखान्यातला केसाएवढा फरकही पात्याला डगमगते ठेवता, आणि वापराने झीज झाली की कुलूप कायमचे ढिले पडते. तिरकस पृष्ठभागावर मात्र झीज होईल तशी पट्टी थोडी पुढे सरकते आणि पुन्हा घट्ट बसते. कारागिरांचा अनुभव सांगतो की हा कोन ७ ते ८ अंशांच्या आसपास असावा. त्याहून फार कमी केला तर पट्टी इतकी रुतून बसते की अंगठ्याने सोडवताना नख दुखते. टायटॅनियमच्या पट्ट्यांमध्ये हा त्रास अधिक जाणवतो, कारण तो मऊसर धातू पोलादावर घासला गेला की चिकटून ओरखडतो. म्हणूनच अनेक निर्माते टायटॅनियमच्या टोकाला पोलादाचा छोटा तुकडा जोडतात.

कोन जास्त झाला तर काय होते, ते समजण्यासाठी शाळेतला उतरणीचा प्रयोग आठवावा. फळी हळूहळू उचलत गेलो की एका ठरावीक कोनाला तिच्यावरचा ठोकळा घसरू लागतो, आणि त्या कोनाचा टॅन म्हणजे त्या दोन पृष्ठभागांमधला घर्षणगुणांक. चाकूतही तेच गणित लागू होते. पाठीवरच्या भाराचा एक हिस्सा पट्टीला बाजूला, म्हणजे सुटण्याच्या दिशेने, ढकलत असतो आणि घर्षण तिला रोखून धरते. कोनाचा टॅन घर्षणगुणांकापेक्षा लहान असेल तर भार कितीही वाढवला तरी पट्टी घसरत नाही. तो मोठा असेल तर भार वाढेल तशी घसरण्याची ओढही वाढते आणि तिला अडवायला पट्टीचा स्वतःचा, दीड-दोन किलोंचा, स्प्रिंगचा दाब तेवढा उरतो.

टाके काढल्यावर मी चाकू सुटा केला, पात्याच्या बुडाचे भिंगातून छायाचित्र घेतले आणि त्याच्या छापील प्रतीवर कोनमापक ठेवला. कोन १२ अंशांच्या आसपास भरला. त्याचा टॅन ०.२१ येतो. कोरड्या पोलादावर कोरडे पोलाद असेल तर घर्षणगुणांक याहून बराच जास्त असतो, त्यामुळे दुकानात, घरात आणि पहिल्या वर्षभराच्या वापरात या चाकूने कधी दगा दिला नाही. तेलाने माखलेल्या पोलादाचा घर्षणगुणांक मात्र ०.१ ते ०.१५ इतका खाली येतो. पात्याला चोळलेले खोबरेल ओघळून खिळ्याजवळ गेले होते आणि भिंगाखाली बुडाच्या तिरक्या पृष्ठभागावर त्याचा पिवळसर थर, त्यात रुतलेले सुताचे दोन तंतू आणि रेतीचा एक कण, असे सगळे स्पष्ट दिसत होते. वरच्या ५०० न्यूटनच्या उदाहरणात अशा तेलकट पट्टीला बाजूला सारणारे निव्वळ बल साडेचार किलोंच्या जवळपास जाते. दीड-दोन किलोंच्या स्प्रिंगने ते अडवावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. कोन ७ अंश असता तर त्याचा टॅन ०.१२ आला असता आणि तेल लागूनही पट्टी बहुधा टिकली असती. चाकूला तेल द्यावे हा सल्ला बरोबरच आहे, पण ते पाते फिरते त्या खिळ्याला द्यायचे असते, कुलपाच्या तोंडाला नव्हे.

घर्षणावर कमी विसंबणारी कुलपेही आहेत. अमेरिकेत १९६४ मध्ये आलेल्या 'बक ११०' या शिकारी चाकूने 'बॅक लॉक' घराघरांत नेले. त्यात मुठीच्या पाठीवर एक दांडी झोपाळ्याच्या फळीसारखी मधोमध टेकलेली असते आणि तिच्या टोकाचा दात पात्याच्या बुडातल्या खाचेत पडतो. दात पूर्ण खाचेत असेल तर तो सहसा घसरत नाही. त्याचे दुखणे वेगळे आहे. खाचेत खिशातला कचरा भरला की दात अर्धाच उतरतो आणि बाहेरून ते कळत नाही. शिवाय मूठ फार आवळून धरली तर तळहाताचा गुबगुबीत भाग दांडीचे मागचे टोक दाबून कुलूप नकळत उघडू शकतो. डेव्हिड बॉय यांनी यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. त्यांनी दांडीच्या त्या टोकाला अर्धचंद्राकृती खाच घासली, म्हणजे मुद्दाम बोट खुपसल्याशिवाय ती दबत नाही. धातू वाढवायची गरज पडली नाही, उलट थोडा कमीच झाला, आणि भरवसा वाढला.

पुढे अँड्र्यू डेम्को यांनी बॅक लॉकमध्ये पाते आणि दांडी यांच्या मध्ये एक आडवा खिळा घालून भार त्याच्यावर वळवला. १९९८ साली बाजारात आलेल्या 'अ‍ॅक्सिस लॉक'मध्ये मुठीच्या दोन्ही बाजूंतून आरपार जाणारी कडक दांडी पात्याच्या बुडावर बसते. दाराचा अडसर दोन्ही भिंतींत घुसतो, तसाच हा प्रकार आहे. तिला ढकलणाऱ्या तारेच्या दोन स्प्रिंगा नाजूक असतात आणि कधीतरी तुटतातही, पण एक तुटली तरी दुसरी काम चालू ठेवते.

या सगळ्यांत सर्वांत साधे कुलूप फ्रान्सच्या सावोय प्रांतातल्या 'ओपिनेल' चाकूचे आहे. लाकडी मुठीचा हा चाकू १८९० पासून बनतो, पण त्याचे कुलूप १९५५ चे आहे. मुठीच्या गळ्याशी फट असलेले एक पोलादी कडे असते. पाते उघडून कडे फिरवले की फट बाजूला जाते आणि पात्याच्या मिटण्याच्या वाटेवर धातूची सलग भिंत उभी राहते. तिथे पाठीवरच्या भाराला कडे फिरवण्याची संधीच फारशी मिळत नाही. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे कुलूप लागले की नाही, हे डोळ्यांना दिसते आणि अंधारात बोटालाही कळते. पावसात लाकूड फुगून पाते आत अडकते, ही तक्रार खरी आहे. सावोयचे लोक तेव्हा मुठीचे मागचे टोक दगडावर ठोकतात, आणि पाते थोडे वर येते.

कुलूप लागल्याची ही खूणगाठ जुन्या स्पॅनिश 'नावाखा' चाकूंमध्ये कानांना मिळत असे. त्यांच्या पात्याच्या बुडाला करवतीसारखे दात असत आणि उघडताना एकेक दात खटक्यावरून जाई, तेव्हा खुळखुळ्यासारखा कर्रकर्र आवाज होई. हिंदी चित्रपटातल्या खलनायकाच्या चाकूचा आवाज प्रेक्षकाला घाबरवायला असतो. नावाखाच्या मालकाला मात्र तो आवाज कामाची माहिती देई.

एक चाचणी मात्र मी कोणाला सुचवणार नाही. काही हौशी लोक चाकूची पाठ लाकडावर सपासप आपटून कुलूप तपासतात. धक्का क्षणभराचा असतो, त्या क्षणी पट्टी बुडापासून उसळून विलग होऊ शकते, आणि हळू वाढवलेल्या भाराला पुरून उरणारे कुलूप अशा धक्क्याला सुटू शकते, हे खरे आहे. पण प्रत्येक आपटीने तो तांदळाएवढा पृष्ठभाग थोडा ठेचला जातो, म्हणजे परीक्षेतच आजार वाढतो. त्याऐवजी उजेडात पाते उघडून पट्टी बुडाच्या रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत पोहोचली आहे का, ते पाहावे. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने कुलपाचे तोंड पुसावे, आणि सगळी बोटे पात्याच्या वाटेबाहेर ठेवून पाठीवर अंगठ्याने सावकाश दाब द्यावा. पट्टी किंचितही मागे सरकताना दिसली, तर तो चाकू कागद कापण्यापुरता.

माझा चाकू आता टेबलाच्या खणात आहे आणि पाकिटे फोडण्याच्या कामी येतो. १२ अंशांचा कोन कानशीने कमी करावा असे एकदा मनात आले होते, पण बुडाचा धातू जितका घासावा तितकी पट्टी पलीकडे जास्त सरकते आणि शेवटी मुठीच्या दुसऱ्या कवचाला जाऊन भिडते, म्हणून तो विचार सोडला. यंदा फणसाच्या आधी शेजाऱ्यांकडून कोयता परत आणला.