भिंत गप्प, पाटी बोलकी

जिल्हा परिषदेच्या शाळेत पाऊल टाकलं की मुलांआधी भिंतीच बोलायला लागतात. पायऱ्यांवर पाढे, व्हरांड्याच्या खांबांवर बाराखडी, वर्गात फळ्याच्या डाव्या हाताला फळं, उजव्या हाताला वाहनं, वरती थोर पुरुष. ‘बोलक्या भिंती’ हा शब्द आपल्याकडे रूढ झाला तो काही उगाच नाही. कुठे लोकवर्गणीतून, कुठे गुरुजींनी पदरमोड करून हे रंगकाम झालेलं असतं. त्यामागच्या कळकळीबद्दल शंका नाही. माझा प्रश्न एवढाच, की भिंत सतत बोलत असताना मुलानं ऐकायचं कुणाचं?

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीतली २४ मुलं, विज्ञानाचे सहा छोटे पाठ. काही पाठ चित्रं, तक्ते, नकाशे यांनी भरलेल्या खोलीत झाले, काही जवळजवळ कोऱ्या भिंतींच्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष सुमारे ३९ टक्के वेळ पाठावरून ढळलेलं होतं, कोऱ्या खोलीत सुमारे २८ टक्के. पाठानंतरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं सजवलेल्या खोलीत ४२ टक्के, कोऱ्या खोलीत ५५. अवघ्या २४ मुलांवरून नियम ठरवू नये हे खरं. पण कारण समजण्यासारखं आहे. नको त्या गोष्टीकडे दुर्लक्ष करणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम, आणि तो भाग पक्व व्हायला विशी उजाडते. सहा वर्षांच्या मुलाला भिंतीवरचा वाघ ‘आत्ता बघू नकोस’ असं सांगणं म्हणजे ताटात जिलबी वाढून हात बांधून ठेवण्यासारखं.

म्हणून रंग खरवडायला नको. फळ्याची भिंत मोकळी ठेवावी आणि चित्रं मुलांच्या पाठीमागच्या भिंतीवर न्यावीत. तक्ते दोरीवर चिमट्यांनी टांगावेत. आज पानांचे प्रकार शिकवायचे तर आज फक्त पानंच लटकतील. रंगवूनच टाकलेल्या भिंतीपुढे एखादी जुनी साडी सरकत्या पडद्यासारखी लावता येते. पाढे विचारताना तर ती ओढावीच. समोर पाढा लिहिलेला असेल तर मूल आठवत नाही, वाचतं. आणि आठवणं व वाचणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तो किती, हे २००६ साली अमेरिकेतल्याच रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी मोजलं. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा दोनदा वाचला; दुसऱ्यानं एकदा वाचून मग कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते: ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानं चित्र उलटलं. वाचणाऱ्यांच्या लक्षात ४२ टक्के उरलं होतं, आठवून लिहिणाऱ्यांच्या ५६. आठवताना मेंदू त्या वाटेनं पुन्हा चालतो आणि वाट मळते. नुसतं वाचताना वाट ओळखीची वाटते, एवढंच.

या कामासाठी आपल्याकडे एक जुनं आणि स्वस्त यंत्र पडून आहे: पाटी. खेळ असा. गुरुजी किंवा बाई विचारतात, “सात आठे?” प्रत्येकानं लिहायचं आणि पाटी छातीशी उलटी धरायची. “दाखवा!” म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर. हात वर करायला लावलं तर रोज तीच चार मुलं उठतात आणि वर्गाला आलंय असा आपला गोड गैरसमज होतो. इथे तीस उत्तरं एका नजरेत दिसतात. सहा पाट्यांवर ५६ ऐवजी ६५ असेल, तर पुढे काय शिकवायचं ते तिथेच कळतं, चाचणीची वाट बघावी लागत नाही. शिवाय चुकलं तरी थुंकी लावून पुसता येतं. (थुंकीचं आरोग्यशास्त्र वेगळं, ओलं फडकं ठेवा.)

तोंडी प्रश्नांत आणखी एक गोम आहे. मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७०च्या आसपास अमेरिकेतल्या प्राथमिक वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी थांबत होते सरासरी एक सेकंद! मागे पडणाऱ्या मुलांसाठी तर हुशार मुलांपेक्षाही कमी. ही थांबण्याची वेळ तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांब आणि कारणांसकट यायला लागली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. ऐकायला सोपं वाटतं. स्वतः करून बघा. तीस मुलांसमोर तीन सेकंदांची शांतता फार लांब असते.

जोडीला नावांच्या चिठ्ठ्यांचा डबा ठेवावा. मात्र क्रम महत्त्वाचा: आधी प्रश्न, मग शांतता, मग चिठ्ठी. नाव आधी पुकारलं की बाकीची एकोणतीस मुलं सुटली.

बसण्याच्या जागेबद्दल थोडक्यात. एकट्यानं करायच्या कामाला रांगा बऱ्या, बोलून सोडवायच्या कामाला गोल. जिथे बाक आहेत तिथे ही ढकलाढकली होते. जिथे बस्करपट्ट्या आहेत तिथे मिनिटभराचं काम. साधेपणाचा हा फायदा आपण मोजतच नाही.

आता माझा सगळ्यांत आवडता खेळ. पण त्याआधी मराठी आकड्यांची एक खोड सांगायला हवी. तेवीस म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना दोन. एकोणतीस म्हटलं की कानावर तीस पडतं आणि हातानं २९ लिहायचं असतं. पहिली-दुसरीतल्या मुलानं २३ चे ३२ केले तर तो आळस नव्हे, भाषेनं घातलेला पेच आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २१ साठी ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मला स्वतःला ‘एकोण’ (म्हणजे एकानं कमी) आवडतं, त्या एका शब्दात अख्खी वजाबाकी दडलीय. पण ती मुलाला दिसायला हवी, आणि दिसण्यासाठी आकडे जमिनीवर उतरवावे लागतात.

सीगलर आणि रमाणी या संशोधकांनी २००८ साली गरीब घरांतल्या शाळापूर्व मुलांना १ ते १० अशा सरळ रांगेतल्या चौकटींचा खेळ दिला. चकती फिरवायची, एक किंवा दोन घरं पुढे जायचं. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव, म्हणजे सगळा मिळून तासभर. तेवढ्यानं मुलांचा संख्यांच्या आकारमानाचा अंदाज सुधारला: कोऱ्या रेघेवर सात कुठे येईल हे ती बरंच नेमकं दाखवू लागली. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेला खेळ खेळलेल्या मुलांत असा फरक पडला नाही. पुढे त्यांनी गोल पट वापरून पाहिला, तोही सरळ पटाइतका उपयोगी ठरला नाही. आणखी एक बारकावा निघाला: पाचवर उभ्या मुलानं दोन घरं जाताना ‘एक, दोन’ म्हणायचं नाही, ‘सहा, सात’ म्हणायचं.

व्हरांड्यात खडूनं किंवा गेरूनं चौकटी आखल्या की पट तयार. फाशाच्या जागी फोडलेले चिंचोके: तीन फोडी फेका, जितक्या पांढऱ्या बाजू वर तितकी घरं. सोंगटी म्हणजे मूल स्वतः. दुसरीपासून शंभरपर्यंत जाताना दहा-दहाच्या ओळी कराव्यात, पण सापशिडीसारख्या वळवू नयेत. सापशिडीत ओळ नागमोडी उलटते, त्यामुळे ७ च्या डोक्यावर १४ बसतो. प्रत्येक ओळ डावीकडून सुरू केली तर ७ वर १७, त्यावर २७, आणि दशक म्हणजे काय ते पायांनाच कळतं. एकोणतीसवरचं मूल एक उडी मारून तिसावर जातं आणि ‘एकोण’चा अर्थ न सांगता उलगडतो.

पाऊस तिरपा आला की व्हरांड्यातला पट धुऊन जातो. तो पुन्हा आखायचं काम मुलांकडे द्यावं, पुस्तक मिटून. २९ लिहून झाल्यावर कुणाचा तरी हात थबकतोच. तिथे गुरुजींनी तीन सेकंद काही बोलायचं नाही.