सदाहरित झाडाचे पान गळते तेव्हा

फाल्गुन सरता सरता आमच्या परसातल्या फणसाखाली रोज सकाळी पिवळ्या पानांचा थर पडतो, आणि हे झाड सदाहरित असताना त्याची पाने गळतात कशी, असे शेजारपाजारचे कोणी ना कोणी दरवर्षी विचारते. प्रश्न रास्त आहे. सदाहरित झाडाची पाने गळतात, मात्र ती सगळी एका वेळी गळत नाहीत. जुनी पाने पडेपर्यंत टोकांना नवी फुटलेली असतात, म्हणून झाड कधी उघडे दिसत नाही. गळण्यापूर्वी झाड पानातले हरितद्रव्य मोडते आणि नत्र व स्फुरद यांचा बराचसा वाटा फांदीत परत ओढून घेते. आपल्याला दिसते ते पिवळे पान म्हणजे वसुली झाल्यावर उरलेला सांगाडा. फांदीच्या आतल्या बाजूची जुनी पाने पिवळी पडणे हा नेहमीचा जमाखर्च आहे. काळजी करायची ती टोकाची कोवळी पाने पिवळी पडली तर.

या जमाखर्चावरच झाडाची निवड ठरते. सदाहरित झाडाचे पान जाड, चिवट आणि मेणचट आवरणाचे असते. ते घडवायला झाडाला बराच खर्च येतो, म्हणून ते वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ टिकवून तो खर्च भरून काढावा लागतो, आणि अशी झाडे बहुधा सावकाश वाढतात. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पुढे मेअखेरपर्यंत जांभ्या दगडाची जमीन कोरडी होत जाते आणि अंगावर पाने घेऊन उभ्या असलेल्या झाडाला मुळांनी खोलवरचे पाणी शोधावे लागते. (गंमत अशी की आपला राज्यवृक्ष माट्टी, म्हणजे ऐन, या भानगडीत पडत नाही. तो पानझडी आहे.)

म्हणून माझा कल याच मातीत मुरलेल्या झाडांकडे आहे. अंगणात सावली आणि सुवास दोन्ही हवे असतील तर बकुळ, ज्याला आपण ओवळ म्हणतो, त्याच्याइतके सोशिक झाड क्वचित सापडेल. समुद्राजवळच्या घरांना उंडी लावावी. तिची चामड्यासारखी पाने खारा वारा सोसतात. सीताअशोकाला मात्र ओलावा आणि विरळ सावली लागते, त्यामुळे तो कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, पाटाजवळ रमतो आणि तापलेल्या फरशीशेजारी पानांच्या कडा करपवून घेतो. सुरंगी लावणाऱ्याने घाई करू नये, तिच्या फुलांची फाती, म्हणजे गजरा, बहुधा पुढची पिढी माळते.

भिरंडीविषयी, म्हणजे कोकमाच्या झाडाविषयी, थोडे अधिक सांगायला हवे, कारण तिथे फसगत फार होते. तिची नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि बियांपासून केलेले रोप कोणते हे फुले येईपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षे, कळत नाही. कलम घेतल्यास हा प्रश्न सुटतो, पण कलमाची काडी आडव्या फांदीची असेल तर ते झाड जमिनीलगत झुडपासारखे पसरते. शंकूसारखा डौलदार आकार हवा असल्यास उभ्या फांदीच्या काडीचे कलम मागून घ्यावे. नाताळात कुंडीतून घरी येणारा अरुकारिया नंतर कुंपणाच्या कोपऱ्यात लावला जातो, तेव्हा तो आपल्या मूळ बेटांवर 50 मीटरपर्यंत उंच होतो हे कोणाच्या ध्यानात नसते. पुढे एखादे वाढलेले झाड तोडायचे म्हटले, तर गोव्याच्या 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे स्वतःच्या जमिनीतही परवानगी घ्यावी लागते. घरापासूनचे अंतर रोप हातभर असतानाच मोजलेले बरे.

लावणी पहिल्या पावसाने जमीन भिजल्यावर करावी. जांभ्यात पहारीने खणलेल्या खड्ड्याच्या बाजू गुळगुळीत राहिल्या तर पाणी घागरीसारखे साचते आणि मुळे कुजतात, म्हणून बाजू ओबडधोबड फोडून घ्याव्यात. पिशवीत गोल फिरलेली मुळे मोकळी करावीत, नाहीतर ती पुढे खोडालाच फास लावतात. खोड पिशवीत जेवढे मातीबाहेर होते तेवढेच बाहेर ठेवावे. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा-दोनदा भरपूर पाणी द्यावे, कारण रोजच्या शिंपडण्याने मुळे वरच्यावरच राहतात. गळलेली पाने जाळू नयेत. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडून त्यांचा सात-आठ सेंटिमीटरचा थर पसरला की ओलावा टिकतो आणि पानात उरलेले अन्न मातीत परत जाते.

कुंपणासाठी पिटकोळी, म्हणजे इक्झोरा, उत्तम. तिला फुले फांदीच्या शेंड्यावर येतात, त्यामुळे दर पंधरवड्याला कात्री चालवणाऱ्यांच्या वाट्याला नुसती पानेच येतात. छाटणी बहर ओसरल्यावर करावी. तिचा एक रोग मी घरीच पाहिला. नवे कुंपण बांधल्यानंतर भिंतीलगतच्या चार झाडांची शेंड्याची पाने फिकट पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, आणि दहा पावलांवरची जुनी झाडे मात्र टवटवीत होती. गवंड्याने उरलेला सिमेंटचा माल तिथेच पुरला होता. त्यातला चुना पावसात विरघळून जांभ्याची मूळची आम्लता घालवतो, आणि मग मातीत लोह मुबलक असूनही ते मुळांना शोषता येईल अशा रूपात राहत नाही. लोह जुन्या पानातून नव्या पानाकडे सहजी जात नसल्यामुळे उपासमार आधी कोवळ्या पानांत दिसते. आम्ही तो माल खणून काढला, भरपूर कुजलेले पालापाचोळ्याचे खत घातले आणि तात्पुरता उपाय म्हणून लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारले. काही दिवसांनी पिवळ्या पानांवर हिरवे ठिपके उमटले, जिथे जिथे थेंब बसला होता नेमके तिथेच.